भिंतीखालची सही

कऱ्हाडहून आमच्या गावाकडे वळताना फाट्यावर एक जुनं गोदाम लागतं. त्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पाइपची जाहिरात अजून अंधुक दिसते. निळा पट्टा, त्यावर पांढरी अक्षरं. उन्हापावसानं पांढऱ्याचं करडं झालंय, पण अक्षरांचा डौल गेलेला नाही. उजव्या कोपऱ्यात खाली, बोटभर उंचीत, माझ्या मोठ्या भावाचं नाव आणि पुढे ‘पेंटर’. दादानं पस्तीस वर्षं भिंती रंगवल्या. फ्लेक्स आला, छपाई एका रात्रीत मिळायला लागली आणि त्याचा ब्रश कोनाड्यात गेला.

माझी मुलगी पुण्यात एका जाहिरात कंपनीत आहे. लोकांच्या फोनवर जाहिराती पोचवायचं तिचं काम. मामा-भाचीचा धंदा एकच, असं मी कौतुकानं सगळ्यांना सांगत असे. यंदा भाऊबीजेला दोघं ओसरीवर बोलत बसले, मी फराळाची ताटं भरत ऐकत होते, आणि हा धंदा एक नाही असं मला पहिल्यांदा वाटलं.

भाची : मामा, फाट्यावरची भिंत अजून वाचता येते! माझी एखादी जाहिरात आठवडाभर टिकली तरी मी खूश असते.

मामा : ऑइल पेंट आहे तो. आधी भिंत घासून घ्यायची, ओलीनं खपल्या धरल्या असतील तर खरवडायच्या. मग निळीत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा, मधोमध उचलून सोडायचा. फट्ट! सरळ रेघ. अक्षर असं पाहिजे की एस्टीच्या खिडकीतल्या माणसाला मान न वळवता वाचता यावं. वळणावर गाडी कुठं हळू होते, थांब्यावर माणसं कुणीकडं तोंड करून उभी राहतात, हे चार दिवस बघायचो. मग भिंत ठरवायची.

भाची : मग तुम्हीही टार्गेटिंगच करत होता की! माणूस कुठं थांबतो, किती सेकंद थांबतो, काय बघतो. मी हेच मोजते.

मामा : न्हाय गं पोरी. मी रस्ता निवडायचो. माणूस न्हाय निवडला कधी.

भाची : पण माणूस निवडला तर बिघडलं कुठं? सिमेंटची भिंत वाचणाऱ्यांतल्या बहुतेकांना घर बांधायचंच नसतं. त्यांना दाखवलेल्या जाहिरातीचा खर्च शेवटी पोत्याच्या किमतीत येतो. आणि भिंत, रेडिओ, टीव्ही परवडायचं कुणाला? मोठ्यांनाच. आमच्याकडे सांगलीकडचा एक बचत गट आला होता, हळद करणाऱ्या बायकांचा. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या बायकांना टीव्हीवरचे दहा सेकंद जन्मात परवडले नसते. मी दिवसाला दोन-तीनशे रुपयांत त्यांची हळद पुण्या-मुंबईतल्या अशा घरांपर्यंत नेली जिथं मसाला अजून घरी करतात. दुसऱ्या हंगामात त्यांनी स्वतःची चक्की घेतली.

हे खरं आहे. मी ती चक्की पाहिली आहे. तिच्यापुढे हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी त्या बायकांनी माझ्या लेकीची ओटी भरली. तिचं काम चांगलं नाही, असं मला कुणी सांगितलं तर मला ते दृश्य आठवतं.

मामा : ते चांगलंच केलंस. जाहिरात वाईट असं मी म्हणालो का? त्यावर पोरं शिकवली मी.

भाची : किर्लोस्करांचा नांगर घ्या ना. 1903 मध्ये लोखंडी नांगर केला, तर लोखंडानं जमिनीत विष उतरतं म्हणून शेतकरी घेईनात. समजूत घालावी लागली, गावोगाव सांगावं लागलं. शंकररावांनी 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं ते मुळात कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. जाहिरातीच्या पोटातून मराठी वाचकाला एवढं मोठं मासिक मिळालं. दिवाळी अंक आजही कशावर निघतात? जाहिरातींवरच.

मामा : बरोबर. मीसुद्धा कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण रंगवलाय. म्हाताऱ्या पदर तोंडावर घेऊन जायच्या. पण आठवड्याभरात चावडीवर बोलणं सुरू झालं. जी गोष्ट घरात बोलायची सोय नव्हती ती भिंतीमुळं निघाली. माझं म्हणणं एवढंच, की भिंतीवरचं सगळ्यांना एकदम दिसतं. नांगर खोटा निघाला असता तर एका शिवारात कळून दुसऱ्या शिवारात बातमी गेली असती.

मग दादा थोडा वेळ गप्प बसला. त्यानं जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

मामा : मी गुटख्याची भिंत रंगवलीय. शाळेच्या वाटेवर. पैसे चांगले होते, घरात आजारपण होतं. दुपारी हेडमास्तर आले. शिडीखाली उभे राहिले. एक शब्द बोलले न्हाईत. खाली कोपऱ्यात माझं नाव होतं, ते वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि गेले. रात्री जेवण गेलं नाही मला. ग्रामपंचायतीत विषय निघाला, चौथ्या दिवशी मीच चुना घेऊन गेलो आणि पुसली. पैसे परत केले. राज्यात गुटख्यावर बंदी आली 2012 ला, ती फार नंतर.

भाची : म्हणजे भिंतीवरही विष होतंच.

मामा : होतंच. पण हेडमास्तरांना ते वाचता आलं.

इथं मला वहिनीचं सांगायला हवं, कारण हा सगळा संवाद तिच्याभोवतीच फिरत होता आणि तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

वहिनीला मधुमेह आहे. श्रावणात तिच्या फोनवर एका पावडरीची जाहिरात यायला लागली. पांढरा कोट घातलेला माणूस सांगायचा की साखर मुळापासून जाते, गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होतं. कधी एखादी बाई रडत रडत आपली कहाणी सांगायची. दिवसातून सहा-सात वेळा. वहिनीनं दोन डबे मागवले, दादा फाट्यावर गेला असताना पैसे देऊन घेतले आणि धान्याच्या कणगीमागे ठेवले. गोळ्या बंद केल्या. बाविसाव्या दिवशी ती चूल पेटवताना खाली बसली ती उठेना. कऱ्हाडला नेलं तेव्हा साखर साडेचारशेच्या वर होती. वाचली, म्हणून आज भाऊबीजेच्या करंज्या खाऊ शकतोय.

त्या बावीस दिवसांत ती आणि दादा रोज रात्री एकाच कॉटवर बसून आपापला फोन बघत होते. दादाच्या फोनवर ट्रॅक्टरचे टायर आणि क्रिकेट. ती पावडर त्याला एकदाही दिसली नाही.

मामा : मला सांग, तुझ्या मामीला ते दाखवायचं कुणी ठरवलं?

भाची : (बराच वेळ थांबून) कुणा एकानं नाही, मामा. व्हिडिओ उघडला की मधली रिकामी जागा त्याच क्षणी लिलावाला निघते. मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो ना, तसा. फक्त इथं व्यापारी नसतात, यंत्रं बोली लावतात, आणि पापणी लवायच्या आत सौदा संपतो. नुसत्या पैशावरही ठरत नाही. हा माणूस बघत राहील का, बोट दाबेल का, याचा अंदाज बोलीत धरलेला असतो. पावडरवाल्यानं बहुतेक एवढंच निवडलं असेल, महाराष्ट्र आणि पंचेचाळीसच्या वरची माणसं. पुढचं यंत्रानं शोधलं. मामीनं पायांच्या आगीवरचे दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले असतील. एखाद्या जाहिरातीवर बोट चार सेकंद जास्त थांबलं असेल.

मामा : गुळाच्या सौद्यात ढेपेचा मालक तिथं उभा असतो. भाव पटला न्हाय तर ढेपा परत गाडीत घालून घरी नेतो. तुझी मामी कुठं उभी होती त्या सौद्यात?

माझ्या लेकीला याचं उत्तर देता आलं नाही. पण ती हार मानणाऱ्यांतली नाही, आणि मला ते आवडतं.

भाची : ठीक. पण जुन्या जाहिराती सगळ्यांसमोर होत्या म्हणून शहाण्या होत्या असं मी मानणार नाही. आईला विचारा. गोरं करणारं क्रीम 1975 साली आलं. त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द निघायला 2020 उजाडलं. पंचेचाळीस वर्षं! भिंतीवर, टीव्हीवर, सगळ्या गावासमोर. कुणी हेडमास्तर शिडीखाली उभा राहिला का? उलट सगळ्यांनी मिळून बघितलं म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं. आईला बघायला आलेल्या पहिल्या दोन घरांनी रंगावरून नकार दिला, ते माझ्या फोननं नाही केलं.

हे माझ्याबद्दल होतं, म्हणून मी ताट बाजूला ठेवून बोलले. ती म्हणते ते खरं आहे. ते क्रीम मी लपून लावलं आहे, कॉलेजला जायच्या आधी, आरसा खिडकीत धरून. पण त्याविरुद्ध शेवटी जे बोलले, लिहिते झाले, त्यांना ती जाहिरात सगळ्यांपुढे ठेवता आली. ‘हे बघा, हे आमच्या मुलींना सांगतात’ असं म्हणता आलं. उशीर झाला, फार उशीर झाला. पण बोट दाखवायला समोर काहीतरी होतं.

मला दूरदर्शनचे दिवस आठवले. तिथं जाहिराती 1976 च्या जानेवारीत सुरू झाल्या. त्याआधी 1967 मध्ये विविध भारतीवर, मुंबई-पुणे-नागपुरात. टीव्ही आमच्या आळीत एकाच घरी होता. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांची निरमा पावडर स्वस्त, तिनं घराघरात जागा केली. तिला उत्तर म्हणून सर्फनं अलीक पदमसींच्या कल्पनेतली ललिताजी आणली, स्वस्त आणि किफायतशीर यात फरक करणारी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई. दोन कंपन्या सगळ्या देशादेखत एकमेकींना उत्तर देत होत्या. आणि दुसऱ्या दिवशी नळावर आमच्या आयांचं त्यावर भांडण व्हायचं. एकजण म्हणायची हात सोलतात, दुसरी म्हणायची तुझंच पाणी जड आहे. माझ्या आईनं दोन्ही अर्धा अर्धा किलो आणून एकेका बादलीत सारखे कपडे भिजवून बघितले होते. ती सातवी शिकलेली. जाहिरातीनं तिला फसवणं सोपं नव्हतं, कारण ती एकटी नव्हती.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा लेक म्हणाली, “आई, तू नळ म्हणतेस, मी तेच शोधतेय बराच वेळ.”

भाची : कायदे आहेत, मामा. 1954 पासून मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरण आहे, दिशाभूल केली तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. जाहिरातीत चेहरा देणाऱ्यालाही वर्षभर बंदी घालता येते. 1915 नंबरवर तक्रार करता येते. मी केली आहे. त्या पानाचीही केली.

मामा : मग?

भाची : ते पान गेलं. आठवड्यात त्याच पावडरीचं दुसऱ्या नावाचं पान दिसलं.

मामा : माझ्या भिंतीला चुना मारला तर ती पुसली जायची.

भाची : आमच्या धंद्यातही सुधारणा झालीय. चालू जाहिराती कुणालाही शोधून बघता येतील अशी सोय मोठ्या कंपन्यांनी केलीय. आजारपणासारख्या विषयांवरून माणसं थेट निवडायचे पर्याय एका मोठ्या कंपनीनं 2022 मध्ये काढून टाकले. 2023 च्या विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे.

मामा : पर्याय काढला, तरी मामीला पावडर दिसलीच की.

भाची : हो. कारण यंत्राला आजाराचं नाव लागत नाही. बोट कुठं थांबलं ते पुरतं.

नंतर ती जे बोलली त्यासाठी तिला धैर्य लागलं असणार. मामाकडे न बघता, रांगोळीकडे बघत ती बोलली.

भाची : मीही एक केलंय. एका साड्यांच्या दुकानासाठी. ‘सवलत संपायला इतके तास’ असं उलटं चालणारं घड्याळ लावलं होतं. घड्याळ संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. प्रत्येकीला वाटायचं आत्ताच घेतलं नाही तर जाईल. विक्री वाढली, मला शाबासकी मिळाली. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. त्यात हे घड्याळ होतं. आम्ही ते काढलं. पण यादी यायच्या आधीही मला माहीत होतंच ना ते खोटं आहे. फक्त ते घड्याळ बघणारी प्रत्येकजण एकटी होती. दोघी एका दुकानात उभ्या असत्या तर एकीनं दुसरीला सांगितलं असतं, अगं, काल पण हेच होतं.

मामा : त्याच्याखाली तुझं नाव होतं?

भाची : तशी जागाच नसते, मामा.

दादा काही बोलला नाही. त्यानं तिच्या ताटात एक चकली वाढली. आमच्या घरात माफी अशीच देतात.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं. पदराला हात पुसत तिनं आपला फोन भाचीच्या हातात दिला.

“बघ बाई त्यात काय आहे ते. ह्यांना वाटतं मी खुळी आहे. मला कुणी एकदा विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. पण विचारणार कोण? कुणाला दिसतच नव्हतं.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वन्सं, पाय रात्रभर पेटल्यासारखे व्हायचे. डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणायचा होतं असं. तो फोनमधला माणूस मात्र रोज विचारायचा, पाय जळतात का?”

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. जाहिरात फसवते हे आपण सगळे म्हणतो. पण ती विचारपूसही करते. ज्या घरात कुणी विचारत नाही त्या घरात ती आधी पोचते. आम्ही तिघंही त्या बावीस दिवसांत वहिनीशी फोनवर, समोरासमोर बोललो होतो. पाय कसे आहेत, हे एकानंही विचारलं नव्हतं.

लेकीनं फोनवर एका जाहिरातीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. ‘ही जाहिरात मला का दिसते’ असा पर्याय असतो. त्यात दोन ओळी आल्या. दादानं चष्मा लावून त्या मोठ्यानं वाचल्या. महाराष्ट्रात राहणाऱ्या व्यक्ती. वय पंचेचाळीसपेक्षा जास्त.

मामा : एवढंच? पायांची आग कुठं लिहिलीय?

भाची : ती लिहीत नाहीत.

मग ती बराच वेळ वहिनीच्या फोनशी बसली. काही नोंदी पुसल्या, काही परवानग्या काढल्या, काय काय बंद केलं. ‘यानं पूर्ण थांबणार नाही,’ असं तिनं स्पष्ट सांगितलं. मला तिचा तो स्पष्टपणा आवडला. पुण्याला निघायच्या आधी तिनं मामीकडून एक कबूल करून घेतलं. औषध, पैसे किंवा अंगाला लावायचं काही दिसलं, तर ते मनात वाचायचं नाही. ओसरीवर येऊन मोठ्यानं वाचायचं.

मी चार दिवस जास्त राहिले. तिसऱ्या संध्याकाळी चहाच्या वेळी शेजारची काकू शेंगा निवडायला आली होती. वहिनीनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि शाळेतली पोर धडा वाचते तसं वाचायला लागली, “गुडघ्याचा पट्टा, तीन दिवसांत दुखणं बंद, निम्म्या किमतीत, फक्त आज रात्री बारापर्यंत.”

काकूनं शेंगांतून मान वर केली. “हा माझ्यापण फोनवर येतोय की! आठ दिवस झाले. रोज रात्री बारापर्यंतच असतो.”

दादा उठून आत गेला आणि सुपात आणखी शेंगा घेऊन आला.